गिरणगावची राख आणि गिरणगावची जमीन



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांनी आम्हाला विचारलं, गिरणगावच्या इतिहासात संप आहेत, युनियन आहेत, शाहीर आहेत, मालकांच्या तीन-तीन पिढ्या आहेत; हे सगळं सोडून तुम्ही राखेवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. गिरणगाव म्हटलं की आपली मान आपोआप वर जाते. चिमणी आठवते, धूर आठवतो, भोंगा आठवतो. आज मात्र आपण खाली बघणार आहोत. बॉयलरमध्ये कोळसा जळला, धूर वर गेला, मग खाली जे उरलं त्याचं काय झालं? ते कुणी उचललं, कुठे टाकलं, आणि ज्या जमिनीवर टाकलं तिची किंमत पुढे कुणाला मिळाली? एवढाच आजचा मुद्दा आहे. साधा दिसतो, पण त्याचा धागा आजच्या टॉवरपर्यंत येतो.

आधी जमिनीचं बघू. आपण सगळे सात बेटांची गोष्ट शाळेत शिकलो. परळ, माझगाव, वरळी, माहीम वगैरे बेटं, आणि मध्ये खाजण. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. पायधुणी हे नाव त्याचीच खूण सांगतं. चिखल तुडवून यायचं आणि तिथे पाय धुऊन पुढे जायचं. अठराव्या शतकाच्या अखेरीला हॉर्नबी वेलार्डचा बांध झाला, महालक्ष्मीकडून आत घुसणारा समुद्र अडला. समुद्र अडला म्हणजे जमीन तयार झाली असं मात्र नाही. आतला सखल भाग तसाच राहिला. इंग्रजी कागदपत्रांत त्याला ‘फ्लॅट्स’ म्हणतात. पावसाचं पाणी तिथे तुंबायचं. पुढे माती, दगड आणि शहराचा कचरासुद्धा टाकून तो हळूहळू भरून काढला गेला. हिंदमाताला दर पावसाळ्यात पाणी का साचतं याचं निम्मं उत्तर या भूगोलात आहे.

आणि याच पट्ट्यात गिरण्या आल्या. कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी ताडदेवला 1856 मध्ये सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, करी रोड, लोअर परळ, दादर असा सगळा भाग गिरण्यांनी भरला. गावठाण मुंबईच्या मानाने इथे जागा स्वस्त होती, रेल्वे जवळ होती. पण जागा स्वस्त का होती? कारण ती ओली होती.

आता गिरणीच्या फाटकातून आत काय काय येतं ते डोळ्यांसमोर आणा. कापसाच्या गासड्या येतात. एक गासडी पावणेदोनशे किलोच्या आसपास. बैलगाडीवर अशा कितीतरी. कोळसा येतो. यंत्रांचे सुटे भाग येतात. तयार कापडाची ठाणं बाहेर जातात. जुलै महिन्यात या गाड्यांची चाकं आवारातल्या मातीत रुतली तर खातं बंद पडायची वेळ. म्हणजे फाटकापासून कापसाच्या गोदामापर्यंत आणि कोळशाच्या ढिगापासून बॉयलरपर्यंत टणक वाट पाहिजेच. मुरूम आणायचा तर पैसे, खडी आणायची तर त्याहून जास्त पैसे. राखेला मात्र दमडी पडत नव्हती. ती फाटकाच्या आतच रोज तयार होत होती.

किती तयार होत होती? आपण एक साधा हिशोब मांडू. समजा एका गिरणीत दिवसाला 20 टन कोळसा जळतो आणि त्यात शंभराला पंधरा या प्रमाणात राख आहे. म्हणजे रोज 3 टन राख. वर्षाचे 300 दिवस काम धरलं तर 900 टन. सुटी राख हलकी असते, घनमीटरला पाऊण टन धरा. 1200 घनमीटर झाले. तीन मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाड अशी वाट तिने घातली, तर ती अडीच किलोमीटरहून लांब होते. हे एका गिरणीचं एका वर्षाचं. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत, गिरणी लहान-मोठी असेल त्याप्रमाणे ते बदलतील. पण मुद्दा लक्षात आला असेल. कापड विणणारी गिरणी जमीनही विणत होती.

ही वाट घालणं म्हणजे नुसती राख ओतणं नव्हे, त्यात कसब आहे. गिरण्यांत लँकेशायर बॉयलर असत. आडवा मोठा लोखंडी पिंप, त्याच्या पोटात दोन नळ, नळांच्या तोंडाशी जाळी. जाळीवर फायरमन फावड्याने कोळसा मारतो. लांब लोखंडी सळईने विस्तव उकरतो. बारीक राख जाळीखाली पडते. वर राहतात ते वितळून एकमेकांना चिकटलेले, काचेसारखे चमकणारे, भोकाभोकांचे खडे. वीटभट्टीवाले जास्त भाजून वितळलेल्या विटेला खंगर म्हणतात, त्याच जातीचा हा माल. कंत्राटदारांच्या बोलीत तो सिंडर. हे सगळं बाहेर ओढायचं, पाणी मारून विझवायचं आणि टोपलीत भरून न्यायचं. उष्णता, वाफ, गंधकाचा वास. उन्हाळ्यात त्या खात्यात उभं राहणं म्हणजे काय असेल, कल्पना करा.

वाट करताना आधी मधला भाग उंच ठेवून जमीन दोन्ही बाजूंना उतरती करायची, कडेने चर काढायचे. खाली मोठे खंगर, त्यावर मध्यम, सगळ्यात वर बारीक राख. प्रत्येक थराला पाणी मारायचं आणि धुम्मसाने चोपायचं किंवा रोलर फिरवायचा. खंगराच्या कडा टोकदार असतात, दाबल्यावर एकमेकांत अडकून बसतात. अंगात भोकं असल्यामुळे पाणी खाली झिरपून जातं, वर चिखल होत नाही. इंग्लंडमध्ये मॅकॅडम नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फोडलेल्या खडीचे रस्ते करण्याची जी पद्धत रूढ केली, तिचाच हा गरीब भाऊ. धावण्याच्या शर्यतींचे ट्रॅकसुद्धा असेच सिंडरचे असत. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये मिल्खा सिंग धावले ते सिंडरच्या ट्रॅकवर. ऑलिंपिकमध्ये कृत्रिम ट्रॅक आला तो 1968 ला, मेक्सिकोत.

आता या वाटेचे दोषही सांगायला हवेत. चर बुजला की ती भिजते आणि मऊ पडते. एप्रिल-मेमध्ये तिची धूळ उडते आणि ती नाकातोंडात जाते. अनवाणी पायाला खंगर कापतो. शिवाय राखेत गंधक असतो. खाली लोखंडी नळ पुरलेला असेल तर ओल्या राखेत तो सडतो. म्हणून जाणता मिस्त्री नळाच्या अंगाला राख लागू देत नाही.

राख फक्त गिरणीतच होती असं नाही. रेल्वेच्या इंजिनांची राख होती, आणि रेल्वे यार्डातल्या रुळांच्या कडेच्या वाटा, लहान स्टेशनांचे फलाट तिने झाकले जात. 1865 पासून शहरात गॅसचे दिवे लागले. तो गॅस कोळशापासून बनत असे. लालबागची गॅस कंपनी लेन अजून तिची आठवण धरून आहे. आणि घरोघरी शेगडी होतीच. गिरगावातल्या चाळीत काय, परळच्या खोलीत काय, वखारीतून कोळसा आणायचा, भुकटी उरली की तिचे गोळे वळून गॅलरीत वाळत घालायचे, हे आमच्या पिढीने पाहिलं आहे. शेगडीची राख भांडी घासायला. उरली तर ती जिन्याखालच्या ओलसर कोपऱ्यात किंवा वाडीच्या तोंडाशी पावसाने पडलेल्या खड्ड्यात. कुणी कुणाला शिकवलं नाही, पण गिरणीचा इंजिनिअर आणि चाळीतली बाई एकच गोष्ट करत होती. चिखलावर राख टाकत होती.

घराच्या आतही ती आहे. चुन्याच्या घाणीत विटेच्या सुरखीऐवजी राख दळून गिलावा-बांधकामाचा चुना करत. आणि मुंबईतल्या जुन्या इमारतींत संडास-मोरीचा स्लॅब खाली घेतात, तो खड्डा सिंडरने भरण्याची पद्धत होती, कारण सिंडर हलका असतो. वरच्या मजल्याची मोरी गळायला लागली, फरशी उखडली आणि खालून काळा ओला खच निघाला, हा अनुभव इथल्या पुष्कळांना असेल. ती राखच.

इथवर आपण वस्तू पाहिली. आता थोडं तत्त्वज्ञानाकडे वळू. आयुष्यभराची सवय आहे, सुटत नाही. आपल्याकडे न्यायशास्त्रात प्रध्वंसाभाव नावाची कल्पना आहे. घट फुटला की घटाचा अभाव झाला. कोळसा जळला, कोळसा संपला. सांख्य असं मानत नाहीत. त्यांच्या मते काही नाहीसं होत नाही, त्याचा परिणाम होतो, म्हणजे रूप बदलतं. गिरणीचे हिशोब न्यायाच्या बाजूचे होते. कोळसा खर्ची पडला, रकाना मिटला. जमीन मात्र सांख्यांच्या बाजूची होती. तिने जळलेल्या कोळशाचं रूप जपून ठेवलं.

मग ‘टाकाऊ’ म्हणजे काय? मेरी डग्लस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1966 साली ‘प्युरिटी अँड डेंजर’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की घाण हा वस्तूचा गुण नसतो. वस्तू आपल्या नेमलेल्या जागी नसली की आपण तिला घाण म्हणतो. आपल्या भाषेत हे किती नेमकं दिसतं बघा. कपाळावर असेल तर भस्म. चितेवरची असेल तर रक्षा. शेगडीतली असेल तर राख. जागा बदलली की नाव बदललं, मान बदलला. पण डग्लसबाईंच्या पुढे जाऊन आपल्याला एक प्रश्न विचारायचा आहे. जागा नेमून कोण देतो? गिरणगावचा इतिहास या प्रश्नाची तीन उत्तरं देतो.

पहिलं उत्तर कायद्याचं. 1912 साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. भट्ट्यांच्या धुरावर नियंत्रण ठेवणं हा त्याचा हेतू. चांगलीच गोष्ट होती. पण धूर आणि राख ही एकाच कोळशाची दोन भावंडं. धूर वाऱ्याबरोबर उडतो, तो मलबार हिलच्या बंगल्यातही जाऊ शकतो. राख जिथे पडली तिथेच राहते, फायरमनच्या पायाखाली आणि चाळीच्या दारात. कायद्याने धुराकडे पाहिलं. तीनच वर्षांनी, 1915 मध्ये, खोपोलीहून टाटांची जलविद्युत आली आणि गिरण्यांची यंत्रं हळूहळू विजेवर गेली. तरी बॉयलर थंड झाले नाहीत. सुताला खळ द्यायची, कापड धुवायचं, रंगवायचं तर वाफ लागतेच.

दुसरं उत्तर जातीचं. विणकाम खात्यात जास्त पगार होता आणि तिथे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय? कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्यांच्या तोंडचा धागा इतरांना विटाळ वाटे. 1928 च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. आता विचार करा. त्याच गिरणीच्या दुसऱ्या टोकाला घाम, राख, गंधक अंगावर घेऊन टोपल्या वाहण्याचं काम होतं. तिथे विटाळ आड येत नव्हता. म्हणजे घाणीचा नियम वस्तूवरून ठरत नव्हता. ज्या कामात पैसा आणि मान आहे तिथे तो दार लावायला उपयोगी पडत होता, आणि ज्या कामात नाही तिथे तो कुणाला आठवत नव्हता.

तिसरं उत्तर जमिनीचं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत घडलं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपाचा शेवट कधी जाहीर झालाच नाही, गिरण्या मात्र एकेक करून मिटल्या. 1991 साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. त्याची समजूत साधारण अशी होती, की गिरणीची जमीन विकसित करताना तिचे तीन वाटे व्हावेत. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची. वाद न्यायालयात गेला. मुद्दा असा, की कारखाना पाडल्यावर जी जागा मोकळी होते ती यात धरायची की नाही? उच्च न्यायालयाने बदलाच्या विरोधात निकाल दिला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. वाटणीला आली ती फक्त आधीपासून मोकळी असलेली जागा.

गिरणीत आधीपासून मोकळी असलेली जागा म्हणजे कुठली? कोळशाचं आवार. गाड्यांच्या वाटा. गोदामांमधलं अंतर. म्हणजे नेमकी ती जागा, जी राख टाकून, चोपून, चालण्याजोगी केलेली होती. कायद्याच्या भाषेत ती ‘मोकळी’, म्हणजे जिथे काही नाही अशी. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा शब्द टोचतो. जिथे शंभर वर्षं टोपल्या रिकाम्या झाल्या, ती जागा रिकामी कशी? शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याला जो तुकडा आला, तो शेवटी राखेच्या आवाराचा तुकडा. बाकीचं काय झालं ते लोअर परळला उतरून कुणीही पाहू शकतो. कामगारांच्या घरांची पहिली सोडत 2012 मध्ये निघाली. संपानंतर 30 वर्षांनी. तोवर कितीजण गावी निघून गेले होते, कितीजण जगातूनच गेले होते.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं झालं, गिरण्या गेल्या, राखही गेली. नाही, राख गेलेली नाही. तिचा पत्ता बदलला. आज आपल्या दिव्याचा कोळसा कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, एकलहरे इथे जळतो. भारतीय कोळशात राख फार, शंभराला तीस ते चाळीस, कधी त्याहून जास्त. तिथे कोळसा पिठासारखा दळून जाळतात, म्हणून खंगर थोडा आणि उडणारी बारीक राख फार. तिला फ्लाय ॲश म्हणतात. ही राख जुन्या सिंडरसारखी एकमेकांत अडकून बसत नाही. पण तिचा दुसरा गुण आहे. चुन्याबरोबर पाण्यात ती दगडासारखी घट्ट होते. रोमन लोकांनी पोझुओलीच्या ज्वालामुखीची राख चुन्यात घालून बंदरं बांधली, तोच गुण. म्हणून पोझोलाना सिमेंटमध्ये ती शंभराला 35 पर्यंत घालता येते. 1999 साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून ती वापरणं बंधनकारक करण्याची सुरुवात केली. गंमत बघा, मुंबईत उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या काँक्रीटमध्येही आता फ्लाय ॲश असते. एके काळी जमिनीवर होती, आता भिंतीत चढली.

वापर होतो ही चांगली गोष्ट. पण जी वापरली जात नाही ती पाण्यात कालवून तलावात साठवतात. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत आणि ओढ्यांत शिरलं. वीज मुंबईतही जळते, राख मात्र नागपूरच्या शेतकऱ्याच्या बांधावर. 1912 चा हिशोब पुन्हा तोच. जे आपल्या खिडकीत येतं त्याचा कायदा आधी होतो.

आणखी एक सावधगिरी. आज गावाकडे पुष्कळजण विचारतात, केंद्राची राख फुकट मिळते, अंगणात, शेताच्या वाटेवर टाकावी का? राखेत आर्सेनिक, शिसं, बोरॉन असे पदार्थ थोड्या प्रमाणात असतात, आणि पाणी झिरपलं की ते खाली उतरतात. अमेरिकेत इंडियाना राज्यात टाउन ऑफ पाइन्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे वीजकेंद्राची राख रस्त्यांना आणि घरांभोवती भराव म्हणून वर्षानुवर्षं वापरली. पुढे विहिरींच्या पाण्यात बोरॉन आणि मॉलिब्डेनम सापडलं आणि लोकांना दुसरीकडून पाणी द्यावं लागलं. तेव्हा सिमेंटमध्ये, विटेत घट्ट बांधलेली राख वेगळी आणि विहिरीशेजारी उघडी पसरलेली राख वेगळी. फुकट मिळतं ते कुणाच्या तरी अंगावरून उतरवलेलं ओझं असतं, हे घेताना लक्षात ठेवलेलं बरं.

शेवटी एवढंच सांगून थांबतो. इतिहासकार कागद वाचतात. गिरणीमालकांचे कागद आहेत, सरकारचे आहेत, युनियनचेही आहेत. फायरमनने आणि टोपली वाहणाऱ्याने कागद ठेवले नाहीत. त्यांची दफ्तरं जमिनीत आहेत. परळ-लालबागला एखाद्या नव्या इमारतीचा पाया खणताना वरच्या मातीखाली काळा, खरखरीत थर दिसला, तर तो नुसता भराव समजू नका. आपल्यातल्या तरुण संशोधकांना आमची विनंती आहे, की असा थर दिसला तर त्याचा फोटो काढा, जाडी मोजा, जागा आणि तारीख लिहून ठेवा, शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारा. ट्रक येतो आणि दोन दिवसांत सगळं डम्पिंगला जातं. तेवढाच वेळ आपल्या हातात असतो.

 आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.